मशीनच्या हिशेबात माणूस धरा : मुंबई-ठाण्यातल्या लघु कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
साकीनाका, भांडुप, मुलुंड, वागळे इस्टेट आणि वसई इथल्या इंजिनीअरिंग गाळ्यांचे मालक,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मागच्या खंडेनवमीला भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पूजेला गेलो होतो. निवृत्त झालो तरी दरवर्षी चार-पाच गाळ्यांतून बोलावणं येतं आणि मी आवर्जून जातो. एका गाळ्यात नवा सीएनसी लेथ, म्हणजे धातू फिरवून कापणारं, कम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, आला होता. दरवाजाच्या काचेवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. पॅनलच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार, समोर नारळ. जुना, हाताने चालवायचा एचएमटीचा एनएच-२२ लेथ मात्र खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. गाळा चारशे चौरस फुटांचा, एक बाहेर गेल्याशिवाय दुसरा आत येणार कुठून? भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला होता.

त्या लेथवर एकोणीस वर्षं काम केलेला टर्नर सगळ्यांना पेढे वाटत होता. वाटून झाल्यावर तो खाली गेला, ताडपत्री थोडी वर केली, लेथच्या चकला (धातूचा तुकडा धरणाऱ्या जबड्याला) हळदकुंकू लावलं आणि एक फूल ठेवलं. मी जिन्यावरून पाहत होतो. दिवाळीचा बोनस हातावर ठेवून त्याला घरी पाठवलं, हे मला नंतर कळलं.

मालक मंडळी, मी तुमच्यावर रागावून लिहीत नाही. तुमच्यातले कित्येक जण स्वतः लेथवर उभे राहिलेले आहेत, घरातले दागिने गहाण ठेवून पहिला गाळा घेतलेले आहेत. बँकेचा हप्ता, नव्वद-नव्वद दिवस न येणारं पेमेंट, वाढतं भाडं, हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच तुमच्याशी बोलावंसं वाटतं. माझं मागणं एकच आहे : नवं मशीन घेताना जो हिशेब मांडता, त्यात आपल्याच जुन्या माणसाला ते मशीन शिकवण्याचा खर्च धरा. आणि शिकवायचं म्हणजे पूर्ण शिकवा. सेटिंग, ऑफसेट (माप जुळवायची आकड्यांची दुरुस्ती), प्रोग्रॅम, सगळं.

मी कोण, हे आधी सांगतो. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते (साचा म्हणजे कापड विणायचा माग). १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा माझी आयटीआयची शेवटची सहामाही चालू होती. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात वडीलही. त्या वर्षी मी एल.बी.एस. रोडवरच्या एका कारखान्यात उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून लागलो, आणि माझा स्टायपेंड हाच घरात येणारा रोख पैसा झाला. पुढे टर्नर, १९९४ मध्ये सीएनसी सेटर, शेवटी फोरमन. ज्या कारखान्यात हे सगळं झालं तिथे आता टॉवर आहेत.

म्हणजे मशीन आलं की काय होतं आणि मशीन आलं नाही की काय होतं, हे दोन्ही आमच्या घराने भोगलेलं आहे. आजोबाही गिरणीतच होते. १९२८ साली मालकांनी योजना आणली की विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे आणि कातण खात्यातल्या माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. मुंबईतले दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. आजोबा म्हणायचे, तिसरा साचा चालवायला हात शिकले असते रे, पण त्या तिसऱ्या साच्यावर उभा असलेला माणूस आमच्याच खोलीत राहत होता. दहा-बारा जणांच्या त्या खोलीत त्यानंतर कोण कोणाच्या तोंडाकडे बघणार?

नंतर उलटं झालं. जग बिनधोट्याच्या साच्यांवर गेलं, तरी आपल्या बहुतेक गिरण्या जुन्याच यंत्रांवर रेटत राहिल्या. नफा यंत्रांत परत घातला गेला नाही. कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेलं, आणि गिरण्यांच्या जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव आला. वडिलांचे चार साचे शेवटी भंगारात गेले. त्यांना ऐकू कमी यायचं, साचेखात्यातल्या सगळ्यांनाच कमी यायचं, म्हणून घरात ते मोठ्याने बोलत. पण चाळीत कुणाच्या शिलाई मशीनचा आवाज बदलला की त्यांना आधी कळायचं. कानाने नाही, म्हणायचे, पायाला कळतं, फरशीतून.

तेव्हा मशीन घेऊ नका, असं मी मेलो तरी सांगणार नाही. घ्या. घेतलंच पाहिजे. २५ मिलिमीटरचा बोअर (आतलं भोक), एच-७ टॉलरन्स (मापात चालणारी सूट), म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ च्या आत हवं. एकवीस मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. चांगला टर्नर हे माप हाताने काढतो, मी काढलं आहे. पण रात्रपाळीत पहाटे चार वाजता, चारशेवा जॉब (घडवायचा भाग)? तिथे मशीनच हवं. माझ्या उजव्या मनगटावर धातू कापताना उडणाऱ्या, निळ्या पडलेल्या गरम चिप्सचे चट्टे अजून आहेत. सीएनसीचा दरवाजा बंद असतो, आत काय उडायचं ते उडू दे. माझ्या मुलाच्या वयाच्या पोराच्या हातावर तसे चट्टे पडू नयेत, असंच मला वाटतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. गाळा कुठला ते सांगत नाही, कारण हे कुठल्याही गाळ्यात घडू शकतं.

दोन वर्षांपूर्वी एका मालकांचा फोन आला. स्टेनलेस ३०४ चे एकशे ऐंशी बुश (नळीसारखे पोकळ भाग) गिऱ्हाइकाने परत पाठवले होते. बोअर लहान. भोक तपासायचा गो गेज आत जात नाही. मालकांना वाटलं स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) बिघडला, त्यांनी मशीन कंपनीच्या सर्व्हिस इंजिनीअरलाही बोलावून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा मशीनवर बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. हुशार, चटपटीत, कामाला वाघ. त्याने वहीत प्रत्येक पाचव्या जॉबचं माप लिहिलं होतं : २५.००३, २५.००४, २५.००३. अक्षर इतकं सुबक की कौतुक वाटलं. मी परत आलेले बुश मोजले तर २४.९९५, २४.९९६.

त्याला म्हटलं, एक जॉब काढून दाखव. त्याने सायकल मारली, दरवाजा उघडला, जॉब काढला, हवा मारली आणि लगेच बोअर गेज आत घातला. २५.००४. मी तो बुश हातात घेतला. फार वेळ धरवत नव्हता. आत वाकून पाहिलं तर थंडावा देणाऱ्या कूलंटचा नोझल एका बाजूला वळलेला, धार टूलवर पडायच्या ऐवजी चकवर पडत होती. तो बुश सरफेस प्लेटवर ठेवला आणि म्हटलं, चल, चहा पिऊन येऊ. पंधरा-वीस मिनिटांनी येऊन त्यालाच मोजायला लावला. २४.९९६.

पोराचा चेहरा उतरला. मी त्याला सांगितलं, यात तुझी चूक नाही. स्टेनलेस वीस अंशांनी तापलं की २५ मिलिमीटरच्या मापाला आठेक मायक्रॉन फुगतं. गरम जॉब मोजला की माप खोटं येतं, हे तुला कुणी सांगितलंच नाही. तुला हिरवं बटण दाखवलं, लाल बटण दाखवलं आणि माप वहीत लिहायला सांगितलं. ऑफसेट बदलायचा पासवर्ड मालकांच्या पुतण्याकडे.

मग मालकांनी विचारलं, रिवर्क होणार नाही का, बोअर लहान आहे म्हणजे अजून मारता येईल. पातळ भिंतीचा बुश पुन्हा चकमध्ये धरला की दाबला जातो, कॉन्सेंट्रिसिटी जाते, म्हणजे आतल्या-बाहेरच्या गोलांचं केंद्र एक राहत नाही. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी भंगारात गेले.

त्या गाळ्यात आधी एक जुने टर्नर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते पहिला जॉब काढून प्लेटवर ठेवायचे, टपरीवर जाऊन चहा घ्यायचे, आणि आल्यावर मोजायचे. त्या चहाचा मालकांना फार राग यायचा. माझ्या त्या फेरीच्या आठ महिने आधी सीएनसी आला तेव्हा अण्णांना घरी पाठवलं होतं.

हीच गोष्ट मला तुमच्यापर्यंत पोहोचवायची आहे. अण्णांना जे माहीत होतं ते कुठल्या पुस्तकात, कुठल्या ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नव्हतं. तुम्ही वीस-पंचवीस लाखांचं मशीन आत आणलंत, आणि ते मशीन नीट चालायला जे ज्ञान लागतं ते त्याच दिवशी मागच्या दाराने बाहेर गेलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला की कापण्याचा आवाज कसा बदलतो. लांब, सडपातळ जॉबला चॅटर (थरथर) कुठे येणार. सकाळी थंड मशीनवर पहिले दोन-तीन जॉब वेगळे का येतात. बारच्या नव्या लॉटमध्ये धातू कडक लागतोय हे चिपच्या वळणावरून कसं ओळखायचं. हे सगळं सीएनसीवरही लागतं. धातू तोच आहे, उष्णता तीच आहे.

तुमच्याशी बोलताना दोन उत्तरं मला नेहमी मिळतात. पहिलं : पन्नाशीच्या माणसाला कम्प्युटर जमत नाही. मालक, तोच माणूस जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गावी पैसे पाठवतो, नातवाशी व्हिडिओवर बोलतो. जी-०० म्हणजे जलद सरक, जी-०१ म्हणजे कापत सरक, जी-७६ म्हणजे आटे काढ, एम-०३ म्हणजे स्पिंडल फिरव. तीस वर्षं हँडव्हील फिरवून त्याने जी-०१ च तर केलं आहे. त्याला फक्त त्याचं नाव शिकायचं आहे. आमच्या कारखान्यात १९९४ साली मशीन आलं तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि माझे वरिष्ठ एक्कावन्न. पहिला आठवडा ते पॅनलला हात लावायला घाबरत होते. त्यांना भीती मशीनची नव्हती, इंग्रजीची होती. अलार्म आला की लाल अक्षरात काय लिहिलंय ते कळायचं नाही, आणि विचारायची लाज वाटायची. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी नेहमीचे वीस-पंचवीस अलार्म मराठीत आणि हिंदीत लिहून, लॅमिनेट करून पॅनलशेजारी टांगले. तिसऱ्या महिन्यात हे वरिष्ठ आम्हाला प्रोग्रॅममधल्या चुका दाखवत होते, कारण टूल कुठून आत शिरणार आणि कुठे आपटणार हे त्यांना कागदावरचे आकडे वाचूनच दिसायचं.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे, आणि त्यावर मी बराच विचार केला आहे. तुम्ही म्हणता, शिकवला की पळून जातो. शेजारचा गाळेवाला हजार रुपये जास्त देतो, की हा गेला.

खरं आहे, जातो. पण तो कधी जातो ते बघा. तो सेटिंग शिकलेला असतो आणि पगार अजून ऑपरेटरचाच असतो, तेव्हा जातो. बारा तासांची पाळी, कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर नाव, पीएफचा पत्ता नाही, एकाला तीन-तीन मशीन. अशा माणसाला तुमच्या गाळ्यात धरून ठेवणारं आहेच काय? हजार रुपये त्याच्यासाठी खोलीच्या भाड्यातला फरक आहे. उलट ज्याला तुम्ही शिकवलं नाहीत, तोही जातोच. फक्त तो गेल्यावर तुम्हाला फरक कळत नाही, कारण त्याच्या जागी आलेलाही तेवढंच जाणतो. सहा-सहा महिन्यांनी नवं पोरगं, नवी टूल आपटाआपटी, नवं रिजेक्शन. टूल चकवर एकदा आपटलं की स्पिंडलच्या बेअरिंगचं काय होतं, त्याचं बिल किती येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पन्नाशीचा माणूस तर सहसा पळतच नाही. त्याची खोली जवळ असते, मुलं इथल्या शाळा-कॉलेजात असतात, आणि इतक्या वर्षांत गाळ्याची सवय झालेली असते. पळून जाईल या भीतीने शिकवणं टाळता, आणि जो पळणार नाही त्यालाच आधी काढता. हे मला आजवर उमगलेलं नाही.

वसईत एक मालक आहेत. त्यांनी दोन सीएनसी घेतले तेव्हा वेगळं केलं. मशीन विकणाऱ्या कंपन्या खरेदीसोबत साधारण काही दिवसांचं ट्रेनिंग देतात, तुम्हा सगळ्यांना ते मिळालेलं असतं. त्या ट्रेनिंगच्या खुर्चीवर कोण बसतं? मी पाहिलंय त्याप्रमाणे मालकांचा मुलगा, पुतण्या, नाहीतर सुपरवायझर. वसईच्या मालकांनी आपले दोन टर्नर पाठवले, एक बावन्न वर्षांचा, एक अठ्ठेचाळीसचा. परत आल्यावर प्रत्येकासोबत आयटीआयचा एक-एक नवा मुलगा जोडून दिला. तीन महिने दोघं एकाच मशीनवर. मुलगा म्हाताऱ्याला मेनू शिकवतो, म्हातारा मुलाला धातू शिकवतो. ऑफसेट बदलायची मुभा दोघांना, पण अमुक मायक्रॉनच्या पुढे बदलायचं तर विचारायचं. सेटिंग स्वतः करायला लागले त्या महिन्यापासून पगारात दोन हजारांची वाढ. आधी नवा जॉब सेट करायला साडेतीन तास जायचे, मी मागे गेलो तेव्हा ते तासाभरात पहिला ओके जॉब काढत होते. चौघंही अजून तिथेच आहेत.

आणि त्या मालकांनी एक लेथ ठेवला. कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, जुनाच. नव्या मुलाने पहिला महिना त्यावर काढायचा. हाताने टूल घासायचं, हाताने फीड द्यायचा, टूल मोडू द्यायचं, आवाज ऐकायचा. जागा जाते हो, मला कळतं, मुंबईत चौरस फुटाला काय मोजावं लागतं. पण ही पद्धत मागासलेली आहे असं समजू नका. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित साचा धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यांच्याच घराण्यातून टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली, आणि स्वयंचलित यंत्रांचं त्यांच्याइतकं वेड कुणाला नसेल. त्या टोयोटाने दहा-बारा वर्षांपूर्वी जपानमधल्या आपल्या कारखान्यांत हाताने काम करायच्या जागा मुद्दाम पुन्हा सुरू केल्या. इंजिनातल्या क्रँकशाफ्टचा तापलेला लोखंडी गोळा माणसं हाताने फिरवू लागली. ज्याने हाताने केलं आहे त्यालाच यंत्रात सुधारणा सुचते, हा त्यांचा अनुभव. त्यांच्याकडे जागा आणि पैसा आपल्या कितीतरी पट. आपल्याला एक जुना लेथ ठेवायचा आहे. एकेका गाळ्याला जमत नसेल तर इस्टेटमधल्या पाच गाळ्यांनी मिळून एक ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर मोठा आकडा मी मागत नाही. मशीनच्या किमतीच्या शंभरातला एक रुपया. वीस लाखांच्या मशीनला वीस हजार. तेवढ्यात दोन माणसांच्या ट्रेनिंगचे दिवस भरपगारी होतात, लॅमिनेटची पानं होतात, सराव करताना मोडणारे इन्सर्ट येतात. परत आलेल्या त्या एकशे ऐंशी बुशच्या नुसत्या मटेरियलमध्ये याहून जास्त गेले होते.

सरकारकडूनही थोडा हात मिळतो, तो घ्या. केंद्राच्या नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममध्ये उमेदवाराच्या स्टायपेंडचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार सोसतं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर उमेदवार ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर तुमच्या मर्जीवर. आपले बहुतेक गाळे या दुसऱ्या रांगेतले, म्हणून बहुतेकांनी योजनेचं पोर्टल उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. एवढंच की उमेदवार म्हणून घेतलेल्या पोराला वर्षभर माल उचलायला आणि झाडू मारायला लावू नका. मीही उमेदवार होतो. पहिले चार महिने मला फक्त चिप्स भरायला लावलं, ते मी विसरलेलो नाही.

जाता जाता एक बोलतो, कारण ते न बोलता राहवत नाही. तुमच्यातल्या काही जणांकडे एका बाजूला चकचकीत सीएनसी आहे आणि दुसऱ्या बाजूला पायाच्या पेडलवर चालणारा पॉवर प्रेस. त्या प्रेसला दोन बटणं बसवा. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय रॅम (वरून आदळणारा भाग) खाली येणार नाही, इतकं साधं असतं ते. धोकादायक यंत्राला कुंपण हवं हे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या २१ व्या कलमापासून लिहिलेलं आहे. आपला गाळा कायद्यात बसतो की नाही याची चर्चा नंतर करू, पोराची बोटं वाट बघत नाहीत. माझ्यासोबत आयटीआयला असलेल्या एका मित्राच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. त्या दिवशी तो ओव्हरटाइमला थांबला होता. आधुनिकीकरणाचा पहिला पैसा तिथे खर्च करा, रोबोटचं नंतर बघू.

कारण रोबोटही येणार आहेत. २०२३ या एका वर्षात आपल्या देशात ८,५१० औद्योगिक रोबोट बसले, सर्वात मोठा वाटा मोटार उद्योगाचा. चीनमध्ये त्याच वर्षी पावणेतीन लाखांहून जास्त. आपल्या गाळ्यांत ते मोठे पिवळे हात कदाचित येणार नाहीत. पण बार फीडर (सळई आपोआप आत सरकवणारं साधन) आलाच आहे, जॉब उचलून ठेवणारे छोटे कोबॉट मी प्रदर्शनात पाहिले, कॅमेऱ्याने माप तपासणारी यंत्रं पाहिली. मला ते पाहून आनंद झाला. दिवसभर एकच जॉब चकमध्ये घालायचा आणि काढायचा, या कामात माणसाचं आयुष्य जाऊ नये. पण त्या कोबॉटला तरी जॉब कसा धरायचा, पातळ बुश किती दाबायचा, हे कोण सांगणार? पुन्हा ज्याच्या हाताला ते माहीत आहे तोच. तोवर तो घरी बसलेला असेल, किंवा एखाद्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असेल. माझ्या ओळखीचे दोन चांगले टर्नर आज वॉचमन आहेत. त्यातला एक मायक्रोमीटर अजून खिशात ठेवतो, शिफ्टला जातानाही.

ज्यांनी आधीच माणसं कमी केली आहेत त्यांनाही सांगतो, फोन नंबर तुमच्याकडे असतील. एक फोन करा. पूर्ण वेळ परत घेणं परवडत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस बोलवा, रोजावर बोलवा, नव्या मुलांशेजारी उभं करा. त्यांना बरं वाटेल, हे खरंच. पण मी ते तुमच्या फायद्यासाठी सांगतो आहे. त्या पार्किंगमधल्या लेथचंही अजून काही झालं नसेल तर भंगारवाल्याला थांबवा. पाच गाळ्यांत मिळून घ्यायला तयार असलेले दोन मालक मी आत्ताच शोधून ठेवले आहेत.

दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मी भांडुप स्टेशनजवळच्या एका मित्राच्या गाळ्यात बसतो. एक जुना लेथ आहे, एक सीएनसी आहे, आणि कम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवून बघायची सोय आहे, त्यामुळे टूल आपटायची भीती नाही. फी नाही. तुमचा टर्नर आणि तुमचा ऑपरेटर दोघांनाही एकत्र पाठवा, एकट्याला नको. आणि येताना गिऱ्हाइकाने परत पाठवलेला एखादा जॉब आणि त्याचं ड्रॉइंग त्यांच्याजवळ द्या. आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त टर्नर
भांडुप, मुंबई